टू-स्ट्रोक डर्ट बाइकची जेटिंग किट: सुईसाठी घ्या, मेन जेटसाठी नको

आधीच सांगून टाकतो, जेटिंग किट (कार्बोरेटरमधून इंजिनला पेट्रोल किती जावं ते ठरवणारे बारीक भोकाचे जेट आणि सुया यांचं पाकीट) चांगली आहे, घ्यायला हरकत नाही. फक्त बहुतेक जण ज्यासाठी घेतात त्यासाठी घेऊ नका. मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल देणारा) बदलला की गाडी उडायला लागेल असं डोक्यात धरून लोक मागवतात, मेन बदलतात, काही फरक पडत नाही, मग किटला शिव्या घालतात. अरे पण 250 ची टू-स्ट्रोक फुल रेसवर आपण चालवतो तरी किती वेळ? झाडीत, दगडात, चढाला सगळा कारभार बंद थ्रॉटल ते अर्धा थ्रॉटल एवढ्यातच चालतो, आणि तिथे मेन जेटला कोण विचारतंय, तिथे पायलट (अगदी खालच्या थ्रॉटलला पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि सुई (थ्रॉटलबरोबर वरखाली होऊन मधलं पेट्रोल ठरवणारी).

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण अशा किट सगळ्या साधारण एकाच धाटणीच्या असतात आणि पुढे मी ज्या तक्रारी करणार आहे त्या बाकीच्यांनाही लागू पडतात. माझी गाडी 250 सीसी, कार्ब (कार्बोरेटर) केहिन कंपनीचा पीडब्ल्यूके 38. पाकिटात काय काय येतं तर दोन वेगवेगळ्या सुया, मेन जेटचा एक संच, पायलट फक्त तीन, सुईची उंची ठरवणाऱ्या क्लिपा आणि एक तक्ता. मिकुनी कंपनीचा टीएमएक्स कार्ब असलेल्यांनी ही घेऊ नये, काहीच बसणार नाही. आणि जेटचे नंबरसुद्धा एकमेकांशी जुळवायला जाऊ नका. केहिनचा मेन नंबर म्हणजे भोकाचा व्यास, 175 म्हणजे 1.75 मिलिमीटर, मिकुनीचा षटकोनी मेन पेट्रोल किती वाहतं त्यावरून मोजलेला असतो, त्यामुळे मित्राच्या मिकुनीत अमुक नंबर आहे म्हणून आपल्या केहिनमध्ये तोच टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्याला लावणं.

मुळात किटची गरज का पडते? तर टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला आणि बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबरच, त्यात मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालं तर पिस्टन तापतो आणि वरून तेलही कमी, म्हणजे सीज व्हायला (पिस्टन सिलेंडरमध्ये अडकायला) वेळ लागत नाही. म्हणून नवी गाडी सहसा जरा रिचच (पेट्रोल जास्त) सेट होऊन येते. मग काय, खालच्या रेसला पुक पुक, सायलेन्सरच्या तोंडाला काळं चिकट तेल, हळू चालवलं की प्लग ओला होऊन बंद. थ्रॉटल उघडला की आधी बुडबुडते आणि मग एकदम सुटते, ओल्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं ते यामुळेच, गाडीत ताकद जास्त आहे म्हणून नाही.

आता वस्तूबद्दल. जेटची घडण स्वच्छ आहे, भिंगातून बघितलं तर भोकाच्या कडेला कुठे बुरी (धातूची कुसळ) नाही, नंबर नीट कोरलेले आहेत (बारीक आहेत पण वाचता येतात), पायलटच्या डोक्याची खाच पुरेशी खोल आहे त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर घसरत नाही. हे महत्त्वाचं कारण पायलट पितळेचा, खाच एकदा सोलली की तो आतून काढताना घाम फुटतो. आणि खरा माल म्हणजे सुया. कंपनीची मूळ सुई आणि किटमधली सुई शेजारी शेजारी धरून उजेडात बघा, वरवर सारख्याच दिसतात, पण किटमधल्या सुईचा सरळ भाग किंचित जाड आहे आणि उतार जरा वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला, डोळ्याला जेमतेम कळतो, पण थ्रॉटल नुकताच उघडतो तेव्हा सुई आणि नळीच्या मधल्या त्या बारीक फटीतूनच पेट्रोल वर येतं, त्यामुळे गाडीला तो लगेच कळतो. मूळ सुईवर क्लिप कितीही वरखाली केली तरी खालचं बुडबुडणं जात नव्हतं, कारण सरळ भागाची जाडी क्लिपने बदलत नाही ना. सुई बदलली आणि गेलं. माझ्या मते अख्ख्या किटची किंमत या एका गोष्टीत वसूल.

पाकीट फोडायच्या आधी मात्र गाडी धड आहे का ते बघून घ्या. एअर फिल्टर धुतलेला आणि तेल लावलेला, रीडच्या (मिश्रण इंजिनात घेणाऱ्या झडपेच्या) पाकळ्या तुटलेल्या नाहीत, कार्ब आणि इंजिनच्या मधल्या रबराला चीर नाही, क्रँकचे सील शाबूत, फ्लोटची (कार्बच्या खालच्या वाटीत पेट्रोल किती राहतं ते ठरवणाऱ्या तरंग्याची) लेव्हल बरोबर, प्लग नवा. डाव्या बाजूचं क्रँक सील हवा ओढत असेल तर गाडी लीन वागते आणि तुम्ही जेट वाढवत बसता, उजवीकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल ओढून धूर काढते आणि तुम्ही जेट कमी करत बसता. (काही गाड्यांत बाजू उलट असते, मुद्दा एवढाच की एक बाजू कोरडी असते आणि एक तेलात.) असल्या गाडीला जगातली कुठलीही किट सरळ करू शकत नाही.

तक्त्याबद्दल माझं मत अर्धं चांगलं अर्धं वाईट. तापमान आणि उंची बघून कुठला जेट टाकायचा ते दिलंय आणि त्यामागचं गणित बरोबर आहे. शून्य डिग्रीची हवा 30 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण 10 टक्के घट्ट असते, आणि समुद्रसपाटीपासून 1000 मीटर वर गेलं की हवा साधारण तेवढीच विरळ होते. घट्ट हवेला पेट्रोल जास्त लागतं म्हणजे थंडीत जेट मोठा, उन्हाळ्यात आणि डोंगरावर लहान. आणि जेटचा नंबर व्यासाचा असल्यामुळे 175 वरून 170 वर आलात तर नंबर 3 टक्क्यांच्या आतच कमी झाला असं वाटतं पण भोकाचं क्षेत्रफळ साडेपाच टक्क्यांनी कमी होतं, त्यामुळे एकदम दोन तीन पायऱ्या उतरायची घाई करू नका. वाईट काय तर तक्त्यात प्रिमिक्सचा (पेट्रोलमध्ये आधीच मिसळलेल्या तेलाच्या प्रमाणाचा) उल्लेखच नाही! तेल जास्त टाकलं की गाडी रिच होते असा लोकांचा पक्का समज, प्रत्यक्षात उलटं, तेल वाढलं म्हणजे त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी, म्हणजे हवेच्या हिशोबाने लीन. 40:1 म्हणजे लिटरला 25 मिली तेल, 32:1 म्हणजे 31 मिली, फरक मोठा नाही पण जेटिंग चालू असताना प्रमाण एकच ठेवा आणि तेलही एकच ठेवा नाहीतर तुम्ही नक्की काय मोजताय तेच कळणार नाही.

बसवताना मी पायलटपासून सुरुवात करतो, कारण पायलट खालून सुरू होतो पण त्याचं पेट्रोल वरपर्यंत चालूच राहतं, तो नंतर बदलला तर सुईचं सगळं पुन्हा बघावं लागतं. थ्रॉटलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या हाऊसिंगवर टेपचे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, कारण अंदाजाने अर्धा वाटतो तो नेहमी अर्धा नसतो. गाडी चांगली गरम करा, मग एअर स्क्रू (पायलटची हवा कमीजास्त करणारा). पीडब्ल्यूकेला तो एअर बॉक्सच्या बाजूला असतो, आत फिरवला की हवा कमी म्हणजे रिच, बाहेर काढला की लीन. फोर-स्ट्रोकवाल्यांनी इथे सांभाळा, तिकडे इंजिनच्या बाजूला फ्युएल स्क्रू असतो आणि त्याचं सगळं उलटं. हळूहळू फिरवत जिथे आयडल (थ्रॉटल बंद असतानाची रेस) सगळ्यात वर जातं ती जागा पकडा. एक फेऱ्याच्या आत सापडली तर पायलट लहान पडतोय, मोठा टाका, अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर पायलट मोठा आहे. रेस सोडल्यावर आवाज खाली यायला वेळ लावत असेल, वरच लटकत असेल, तर खालच्या बाजूला लीन आहे, तसंच चालवत राहू नका. आणि इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार, मला हवा होता तो पायलट पाकिटात नव्हताच! मेन जेट ढीगभर दिलेत ज्यातले निम्मे आयुष्यात लागणार नाहीत आणि पायलट मोजून तीन. वेगळा घ्यावा लागला.

मग सुई. क्लिप वरच्या खाचेत म्हणजे सुई खाली बसते, लीन, क्लिप खाली म्हणजे सुई वर, रिच. खाचा वरून मोजतात. पाव ते पाऊण थ्रॉटल हे क्लिपचं राज्य, त्यात एकाच वेगाने चालवत असताना गाडी घुरघुरत असेल, एक आड एक फायर होतंय असं वाटत असेल तर रिच, आणि कोरडी कोरडी वाटून मध्येच दम सोडत असेल किंवा आतून खडे वाजवल्यासारखा किटकिट आवाज येत असेल तर लीन, हा आवाज आला की थ्रॉटल लगेच बंद, आणि आधी जेटिंग रिच केल्याशिवाय पुन्हा जोर देऊ नका. क्लिप काढताना तेवढी कापडावर काढा, ती उडाली की परत दिसत नाही, म्हणून किटवाल्यांनी जादा दिल्यात ते बरं केलं.

मेन जेट शेवटी, आणि तो पटकन होतो. पीडब्ल्यूकेच्या वाटीखाली मोठा बोल्ट असतो, पेट्रोलचा कॉक बंद करून तो खोलला की वाटी न काढता मेन हाताला लागतो. (पायलटसाठी मात्र वाटी खोलावीच लागते, आणि वाटीच्या फुलीच्या स्क्रूंच्या जागी पहिल्याच दिवशी ॲलनचे टाकून घ्या.) लांब सरळ रस्ता मिळाला तर वरच्या गिअरमध्ये फुल रेस, मग क्लच दाबून थ्रॉटल बंद आणि किल बटण एकदमच, प्लग काढून चिनीमातीच्या मुळाशी बघा, वरच्या टोकाला नाही. तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर लगेच मोठा मेन. सुरुवात मोठ्या नंबरने करून खाली यायचं, लहानावरून वर जायचं नाही, पिस्टन आपला आहे.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. केटीएमच्या 2018 मॉडेलपासून एंड्युरो 250 आणि 300 ला कार्बच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, त्यांना याची गरजच नाही. यामाहाची वायझेड 250 अजून केहिनवरच आहे आणि वायझेड 125 ला पण 2022 मध्ये मिकुनी जाऊन केहिन आला, त्यांनी घ्यावी, फक्त आपल्या मॉडेलची आणि वर्षाची किट आहे ना ते बघून, कारण कार्ब तोच असला तरी इंजिनप्रमाणे सुई वेगळी लागते. आणि ज्याची गाडी आत्ताच खालून स्वच्छ उचलतेय, प्लग टिकतोय, त्याने दोन सुटे जेट घेतले तरी भागतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पायलटसाठी. माझी गाडी सध्या किटमधल्या जाड सुईवर, क्लिप वरून तिसऱ्या खाचेत, एअर स्क्रू दीड फेरा, आणि मेन जेट अजून कंपनीचाच आहे.