निमरूद आधी की निनेवे?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असिरियासाठी (आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन साम्राज्य) तास-दीड तासच हाताशी असेल, तर आधी कुठं वळायचं? राजा दुसऱ्या अशुरनासिरपालच्या (कारकीर्द इ.स.पू. 883–859) निमरूद या राजधानीतल्या राजवाड्याच्या भिंतीवरच्या शिल्पांकडे, की नंतरचा राजा अशुरबनिपालच्या निनेवे या राजधानीतल्या सिंहांच्या शिकारीच्या शिल्पांकडे (साधारण इ.स.पू. 645–635)?

दबदबा हवा असेल तर निमरूद. माणसाहून उंच पंखधारी पुरुष, गरुडाच्या तोंडाचे रक्षक, हातात बादली आणि शंकू. पोटऱ्यांचे स्नायू असे ताणलेले की दगड आहे हे विसरायला होतं. मनगटावरचं फूल हुबेहूब घड्याळासारखं दिसतं. वस्त्राच्या काठावर जवळ जाऊन बघा, सुईनं कोरावीत तशी बारीक चित्रं सापडतात. शिवाय 2015 मध्ये आयसिसनं तिथला मूळ राजवाडा सुरुंग लावून उडवला, त्यामुळे बाहेर गेलेल्या या कोरीव दगडी लाद्यांचं मोल आणखी वाढलंय.

पण एक गोष्ट मला खटकते ती खटकतेच. राजाच्या बिरुदांचा, विजयांचा आणि राजधानी उभारल्याचा एकच मजकूर जवळपास प्रत्येक लादीवर कोरलाय, आणि तोही बरेचदा थेट आकृतीच्या अंगावरून. ओळी पोटावरून जातात, वस्त्राच्या चुण्यांवरून जातात, कोरीवकाम किती नाजूक आहे याची पर्वाच नाही. जाणकार म्हणतात, तीच त्या शिल्पांची शान. असेलही. मला मात्र दोन-तीन लाद्यांनंतर अक्षरंच दिसत राहतात, माणूस मागे पडतो.

निनेवेत याच्या उलट. पार्श्वभूमी बरीचशी कोरी सोडलीय आणि त्या रिकाम्या दगडात जनावरं एकेकटी मरताहेत. पाठीत बाण घुसलेली सिंहीण पुढच्या पायांवर उठू बघते, मागचे पाय नुसते फरफटतात. एक सिंह रक्त ओकतोय. वर पिंजऱ्याचं दार उचलणारा माणूस दिसतो, स्वतः एका छोट्या पिंजऱ्यात सुरक्षित. म्हणजे सिंह आणून सोडलेले होते! राजाच्या शौर्याची जाहिरात करायला बसवलेल्या कारागिरानं सगळा जीव ओतला तो सिंहांत. राजाचा चेहरा मला तरी कोराच वाटला.

ही शिल्पं 1853 मध्ये निनेवेशेजारच्या मोसुल शहरातल्याच होर्मुझ्द रस्साम यांनी शोधली. निनेवेचे अवशेष असलेल्या टेकडीचा तो भाग खोदकामासाठी फ्रेंचांच्या वाट्याचा मानला जायचा, म्हणून त्यांनी रात्री खोदकाम केलं.

आणखी एक हिशेब. निमरूदच्या काही लाद्या मुंबईत, काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. ती शैली घरबसल्या नाही, तरी लोकलच्या तिकिटात बघता येते. ही शिकार मुंबईत नाही. म्हणून लंडनमध्ये आधी निनेवे.

बरोबर लहान मुलं असतील तर मात्र माझं ऐकू नका. बाण लागलेल्या सिंहांपेक्षा पाच पायांचे पंखवाले द्वारपाल त्यांना जास्त आवडतील. पाय मोजायला लावा, दहा मिनिटं सहज जातात.