पहिला नवा सॅक्सोफोन अल्बम: 'द एपिक', 'प्रॉमिसेस', 'सोर्स' की 'ओमेगा'?

जॅझमधले सॅक्सोफोनवादक म्हटलं की पार्कर, कोल्ट्रेन, रॉलिन्स ही नावं कोणीही सांगेल. खोळंबा होतो तो त्यापुढे. अलीकडचं, आत्ताच्या पिढीचं काही ऐकायचं म्हटलं की चार अल्बम हमखास सुचवले जातात: कमासी वॉशिंग्टनचा 'द एपिक' (2015), नुबिया गार्सियाचा 'सोर्स' (2020), इमॅन्युएल विल्किन्सचा 'ओमेगा' (2020) आणि फ्लोटिंग पॉइंट्स, फॅरोआ सँडर्स व लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा 'प्रॉमिसेस' (2021). चारही चांगले आहेत, पण एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही.

आपल्याकडे बहुतेकांची सॅक्सोफोनशी ओळख हिंदी सिनेमातून झालेली असते. मनोहारी सिंग यांच्यासारखा वादक दोन कडव्यांच्या मध्ये येतो, एक गोड जागा घेतो आणि बाजूला होतो. त्या सवयीच्या कानाने जॅझकडे गेलं की 'काय सुंदर सूर आहे' इथेच ऐकणं थांबतं. म्हणून पहिल्या अल्बमसाठी माझा निकष वेगळा आहे. सॅक्सोफोन बाकीच्यांशी काय बोलतो, ते त्यात स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. ड्रमरने मध्येच खोडी काढली तर वादक त्याला उत्तर देतो की कानाआड करतो? हे कळायला लागलं की जुनी रेकॉर्ड्सही वेगळी वाटू लागतात.

या निकषावर सगळ्यात गाजलेला अल्बमच आधी मागे पडतो. 'द एपिक' म्हणजे तीन डिस्क, जवळजवळ तीन तास. दहा जणांचा बँड, त्यात दोन ड्रमर आणि दोन बेसवाले, शिवाय 32 जणांचा वाद्यवृंद आणि 20 जणांचा कोरस. लॉस एंजेलिसची ही मंडळी पोरवयापासून एकत्र वाजवणारी. 2011 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी महिनाभर स्टुडिओ अडवून ठेवला आणि एकमेकांच्या अल्बमसाठी रेकॉर्डिंग केलं. त्यातूनच हा निघाला. 2015 मध्येच रॅपर केन्ड्रिक लामारच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'वरही वॉशिंग्टन होता, त्यामुळे एरवी रॅप ऐकणारी कितीतरी पोरं या टेनर, म्हणजे खालच्या पट्टीच्या, सॅक्सोफोनकडे वळली. ते श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण सलग ऐकायला बसलात की पंगतीसारखं होतं: वाढणारे थांबतच नाहीत आणि मठ्ठा येईपर्यंत जिलबीची चव आठवत नाही. वॉशिंग्टनचे बरेचसे सोलो एकाच वाटेने चढतात. खालून सुरुवात, मग पट्टी वर, मग किंचाळी, मागून कोरस. तिसऱ्या-चौथ्या ट्रॅकनंतर चढ कुठे येणार ते आधीच कळतं. तरी 'चेंज ऑफ द गार्ड' हा बारा मिनिटांचा पहिला ट्रॅक जरूर ऐका आणि त्यानंतर 'चेरोकी'. पार्करच्या पिढीने जी धून तुफान वेगाने पळवली, ती इथे निवांत गायली आहे. तेवढं ऐकून अल्बम मिटून ठेवलात तरी चालेल. मीही तो तुकड्यातुकड्यानेच ऐकतो.

'प्रॉमिसेस' याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. एकच रचना, नऊ भाग, 46 मिनिटं. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेफर्ड, हा इंग्लंडचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार. त्याने सात स्वरांचा एक छोटा तुकडा बांधला आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत फिरवत ठेवला. तबला सोलोला लेहरा धरतात तशी त्याची पुनरावृत्ती आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटते. फरक असा की इथे ठेका नाही. ड्रम्सच नाहीत.

त्यावर वाजवणारे सँडर्स तेव्हा ऐंशीच्या घरात होते. साठच्या दशकात कोल्ट्रेनच्या बँडमध्ये सूर फाडून काढणारा म्हणून ज्यांची ख्याती झाली, तेच इथे मोजकं फुंकतात. रीडवरून, म्हणजे तोंडाजवळच्या पातळ पट्टीवरून, जाणारी हवा ऐकू येते. मध्ये एके ठिकाणी ते वाद्य बाजूला ठेवून तोंडानेच काहीतरी गुणगुणतात. पूर्ण अल्बममधली माझी सर्वात आवडती मिनिटं तीच. सहाव्या भागात तंतुवाद्यं अंगावर येतात आणि मग सगळं ओसरतं. सँडर्स यांचा हा शेवटचा अल्बम ठरला. सप्टेंबर 2022 मध्ये ते गेले.

चौघांत सुंदर कोणता, असं विचाराल तर हाच. पहिला म्हणून मात्र मी तो देत नाही. यात सँडर्सना कोणी अडवत नाही, खोडी काढत नाही, उलट विचारत नाही. सगळे अदबीने त्यांच्याभोवती उभे आहेत. ते ऐकून सॅक्सोफोनचा सूर कळतो, बँड कळत नाही. शिवाय गाडीत किंवा स्वयंपाक करताना हा लावू नका. अर्धा आवाज रस्ता खातो, उरलेला कुकर. हेडफोन लागतोच.

बँड कळायचा असेल तर 'सोर्स'. नुबिया गार्सिया लंडनची. आई गयानाची, वडील त्रिनिदादचे. तिचं टेनर जाड, उबदार आणि घाई नसलेलं. मूळ बँडमध्ये सोबत फक्त तिघे: कीबोर्डवर जो आर्मन-जोन्स, बेसवर डॅनिएल कॅसिमीर, ड्रम्सवर सॅम जोन्स. चारच माणसं असल्यामुळे कोणी काय केलं ते लपत नाही. 'पेस' या पहिल्याच ट्रॅकमध्ये जोन्स मागून सतत ढुसण्या देत राहतो. गार्सिया आधी दाद देत नाही, मग हळूहळू तिचीच वाक्यं तुटक आणि तिखट होत जातात. कोण कोणाला ओढतंय, असा प्रश्न पडला की समजा, कान तयार होतोय.

शीर्षकाचा ट्रॅक बारा मिनिटांचा आहे आणि तो जमैकाच्या रेगे-डबच्या ठेक्यावर उभा आहे. जॅझचा काडीचा गंध नसलेला माणूसही त्यावर मान डोलावतो. पाय धरायला ठेका असला की सोलो लांबला तरी माणूस हरवत नाही. 'ला कुंबिया मे एस्ता यामान्दो'मध्ये कोलंबियाच्या ला पेर्ला या गटाचे ढोल आणि आवाज आहेत. तो ट्रॅक मला जरा चिकटवल्यासारखा वाटतो. बँड तिथे पाहुण्यांना वाट करून देतो आणि स्वतः गप्प बसतो. पण तेवढंच.

'ओमेगा' मागणी जास्त करतो. विल्किन्स आल्टो वाजवतो, म्हणजे वरच्या पट्टीचा, धारदार आवाज. फिलाडेल्फियाच्या परिसरात वाढलेला हा मुलगा अल्बम आला तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता. निर्मिती पियानोवादक जेसन मोरानची, कंपनी ब्लू नोट. चौघेही इतक्या जवळून वाजवतात की पहिल्यांदा गुंता वाटतो: पियानोवर मायका थॉमस एकीकडे जातोय, क्वेकू सुम्ब्रीचे ड्रम्स तिसरीकडे, सम कुठे पडते ते लवकर सापडत नाही. दोन ट्रॅक वर्णद्वेषी हिंसेबद्दल आहेत. एक अमेरिकेतल्या फर्ग्युसन या गावाचं नाव घेतो, जिथे 2014 मध्ये पोलिसांच्या गोळीने मायकेल ब्राउन मारला गेला; दुसरा मेरी टर्नरचं, जिला 1918 मध्ये जॉर्जियात जमावाने ठार केलं. ते माहीत नसेल तर तिथला सॅक्सोफोनचा आक्रोश नुसता गोंगाट वाटू शकतो. मग लगेच 'ग्रेस अँड मर्सी' लावा, त्याच आल्टोचा मऊपणा कळेल.

दोन वर्षांनी 'सोर्स' मला पाठ झालेला असेल. 'ओमेगा'मध्ये तेव्हाही काहीतरी नवं सापडेल असं वाटतं. म्हणून क्रम असा: आधी 'सोर्स', त्यात कान बसला की 'ओमेगा', आणि एखाद्या रिकाम्या रात्री 'प्रॉमिसेस'.

एक अपवाद. ज्यांचा कान रागसंगीतावर पोसलाय, त्यांनी हे चारही बाजूला ठेवून 2008 चा 'किन्समेन' घ्यावा. त्यात अमेरिकेत वाढलेला रुद्रेश महंतप्पा आणि मंगळुरूकडचे कद्री गोपालनाथ असे दोन आल्टो समोरासमोर आहेत, सोबत ए. कन्याकुमारी यांचं व्हायोलिन आणि मृदंगम. गोपालनाथांची गमकं आणि महंतप्पाच्या आडव्या उड्या शेजारी ऐकल्या की दोघांची चाल वेगळी करायला फार वेळ लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर 'द एपिक'ची तीन रेकॉर्ड्सची पेटी सहज विकत घेण्यासारखी नाही. ती स्ट्रीमिंगवरच ऐका आणि ते पैसे 'सोर्स' आणि 'ओमेगा'वर घाला.