एसी दुरुस्त करावा की नवा घ्यावा? आमच्या घरातल्या दोन मशीनचा हिशेब

सांगलीत विश्रामबागेत आमचं दुमजली घर आहे. वर थोरल्या भावाच्या खोलीत २०१५ चा दीड टनी साधा एसी होता, कॉम्प्रेसर खाडकन चालू आणि खाडकन बंद होणारा. खाली आमच्या खोलीत २०१९ चा दीड टनीच, पण इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात चालणारा. एप्रिलच्या एकाच आठवड्यात दोघांनीही मान टाकली. पंखा फिरतोय, गारवा नाही. भावानं नवा घेतला, आम्ही दुरुस्त केला. निर्णय भावाचाही बरोबर होता, फक्त त्यानं सांगितलेलं कारण चुकीचं होतं. ते पुढे येतंच.

आधी माझी चूक सांगतो. आमचा एसी मागच्या वर्षीही असाच गार करेनासा झाला होता. आलेला पोरगा म्हणाला, "गॅस संपलाय." पंधरा मिनिटांत गॅस भरला, २,८०० रुपये घेतले आणि गेला. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच भोकातून पुन्हा जाणार. तसा तो वर्षभरात गेला. घरगुती एसीच्या दुरुस्तीत सगळ्यात महाग काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी कॉम्प्रेसर म्हणणार नाही. दर उन्हाळ्याला गॅस भरणं म्हणेन.

यंदा दोन ठिकाणी विचारलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं इनडोअरची कूलिंग कॉइल बदलायला सांगितली. कॉइल, गॅस, मजुरी आणि १८ टक्के जीएसटी धरून १३,७०० रुपये. ओळखीच्या मेकॅनिकनं नायट्रोजन भरून प्रेशर लावलं, सांध्यांवर साबणाचा फेस फिरवला आणि बुडबुडे दाखवले. एक जागा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटची, दुसरी कॉइलच्या टोकाच्या वाकड्या जोडाची. जोड वेल्डिंग, नवीन फ्लेअर (नळीचं पसरट तोंड), व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा ओढून काढणं) आणि गॅस मिळून ४,६०० रुपये.

सेंटरवाले लुबाडत होते असं नाही. त्यांची पद्धतच पार्ट बदलण्याची असते, कारण वेल्डिंगच्या कामाची हमी ते घेत नाहीत. त्यामुळे इथे भाव तोलण्याआधी भोक कुठे आहे हे विचारावं. गळती सांध्यावर असेल तर दुरुस्ती टिकते. पत्र्यांच्या जाळीआड नळीलाच सुईएवढी भोकं पडली असतील तर एक बुजवलं की दुसरं उघडतं. तिथे कॉइल बदलायची, नाहीतर मशीनच. गटार, शौचालयाची टाकी किंवा गोठा जवळ असेल तर तिथले वायू नळ्यांचं तांबं लवकर खातात. भावाच्या आउटडोअरचं, म्हणजे घराबाहेर बसवलेल्या भागाचं, तेच झालं. आमच्या सेप्टिक टाकीची वाफनळी त्याच भिंतीवर, मशीनपासून चार फुटांवर.

काम स्वतः उभं राहून बघा. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप वीस-तीस मिनिटं चालला पाहिजे. नळीतली हवा नुसता गॅस सोडून बाहेर ढकलणं म्हणजे ओल आत ठेवणं. इन्व्हर्टरमध्ये गॅस वजनकाट्यावर मोजून भरतात. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आमच्यात आर-३२ जातीचा गॅस आहे, तो थोडा का होईना पेट घेतो. म्हणून आत गॅस असताना वेल्डिंगची बत्ती लावणाऱ्याला तिथेच थांबवा. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची एवढी कोल्ड स्टोरेज आहेत की "मी स्टोरेजला होतो" म्हणणारे मिस्त्री खूप भेटतात. अमोनियाच्या मोठ्या प्लांटवर हात बसलेला माणूस इन्व्हर्टरच्या कार्डापुढे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटपुढे, गांगरतो, हे मी पाहिलंय.

आता भावाची बाजू. त्याच्या एसीत आर-२२ हा जुना गॅस. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो हळूहळू बंद होतोय. १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे हा गॅस वापरणारे नवे एसी बनवायलाही बंदी आहे. जुन्यांसाठी गॅस अजून मिळतो, पण दर वर्षी महाग. त्यात कंडेन्सरला, म्हणजे आउटडोअरमधल्या कॉइलला, तीन जागी भोकं. नवा कंडेन्सर आणि गॅस मिळून ११,००० रुपये सांगितले, तेही "मॉडेल जुनं आहे, पार्ट मिळेलच असं नाही" या पुस्तीसह. दहा वर्षांच्या मशीनला नव्याच्या जवळपास एक तृतीयांश पैसे घालणं मलाही पटलं नसतं.

पण भाऊ दुकानातून आला तो म्हणत, "लाइट बिलातच वसूल होईल." इथे मी कागद-पेन घेतला. पाच स्टारच्या दीड टनी एसीवर वर्षाला साडेसातशे-आठशे युनिट असा आकडा असतो, तीन स्टारवर हजाराच्या आसपास. तो आकडा १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. सांगलीत आपण मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत, रात्रीचे सात-आठ तास एसी लावतो. तास साडेसहाशेच्या वर जात नाहीत. साताऱ्याला शाहूपुरीत राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे तर दीड महिन्यात एसीवर कापड पडतं. जुना एसी तासाला एक ते सव्वा युनिट खात होता, नवा त्याच्यापेक्षा अर्धा युनिट कमी खाईल असं धरू. वर्षाला सव्वातीनशे युनिट वाचले. सगळे आकार धरून युनिट बारा रुपयांना पडलं तरी झाले ३,९००. नव्या एसीला त्यानं मोजले ३८,०००. वसूल व्हायला दहा वर्षं. तोवर हाही म्हातारा होईल.

म्हणून चालता एसी केवळ बिलासाठी काढू नका. आणि आमच्याकडच्या वापराला तीन आणि पाच स्टारमधल्या आठ-दहा हजारांच्या फरकाचाही विचार करा. आपल्या तासांत तो फरक वर्षाला शंभरएक युनिटांचा, म्हणजे बारा-तेराशे रुपयांचा. दुकान किंवा दवाखाना असेल, दिवसभर एसी चालत असेल, तर गणित उलटतं. नवा घेताना दोन गोष्टी: २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा त्याआधीचे भाव मनात धरून बसू नका. आणि जानेवारी २०२६ पासून स्टारचे निकष कडक झालेत, त्यामुळे लेबलवरचा कालावधी वाचा. जुन्या स्टॉकवरचे पाच स्टार आणि नव्या लेबलवरचे पाच स्टार एक नव्हेत.

इन्व्हर्टरवाल्यांची खरी डोकेदुखी पीसीबी, ज्याला मेकॅनिक कार्ड म्हणतात. वळवाच्या पावसात वीज कडाडली, व्होल्टेज खालीवर झालं की तेच आधी जातं. कधी कधी पालच आडवी होऊन चिकटते, मग एसीही गेला आणि पालही. कंपनी अख्खं कार्ड बदलते, साधारण सात ते दहा हजार. कार्ड दुरुस्त करणारे दोन-तीन हजारांत करून देतात, तीन महिन्यांच्या हमीवर. एकदा दुरुस्ती करून बघायला माझी हरकत नाही. तेच कार्ड दुसऱ्यांदा जळालं तर मात्र नवंच घाला. वळीव दाटून आला की एसीचा एमसीबी खाली पाडायचा, एवढं फुकटचं काम आमच्या घरात आता आईसुद्धा करते.

कॅपॅसिटर, म्हणजे मोटर आणि कॉम्प्रेसर चालू व्हायला धक्का देणारा छोटा पार्ट, गेला तर पाचशे-आठशेत विषय संपतो. आउटडोअरचा पंखा फिरत नाही किंवा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, तेव्हा आधी तोच बघायला सांगा. साध्या एसीत "कॉम्प्रेसर गेला" असं ऐकल्यावर तर नक्कीच.

कॉम्प्रेसरच्या "दहा वर्षं वॉरंटी"बद्दल शेजाऱ्यांचा अनुभव असा: कॉम्प्रेसर फुकट मिळाला, गॅस, मजुरी आणि वाहतुकीचे पाच हजार लागले. वॉरंटी त्या एका पार्टाची असते. वार्षिक करार, म्हणजे एएमसी, आमच्या तीन महिन्यांच्या वापराला मला परवडणारा वाटत नाही. मार्चमध्ये सहाशेची जेट सर्व्हिस (पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुणं) आणि पंधरा दिवसांनी जाळी धुणं, बास.

पुराचं वेगळं. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. गावभागात मामांचा जमिनीलगत बसवलेला आउटडोअर चार दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर त्यांनी घाईनं बटण दाबलं आणि उरलंसुरलं कार्डही गेलं. बुडालेला एसी सुकवून, उघडून तपासल्याशिवाय वीज द्यायची नाही. कार्ड आणि मोटर दोन्ही बदलावी लागणार असतील तर दुरुस्तीचा नाद सोडा. पूररेषेत राहत असाल तर आउटडोअर पहिल्या मजल्याच्या उंचीला चढवायचा जादा खर्च आधीच करा.

भावाचा नवा एसी बसवायला आलेले दोघे जुन्याच ब्रॅकेटवर आउटडोअर ठेवायला निघाले होते, त्याच वाफनळीशेजारी. मी अडवलं. पलीकडच्या भिंतीवर न्यायला दोन मीटर जादा कॉपर पाइप, नवीन ब्रॅकेट आणि भोक पाडणं मिळून २,४०० रुपये म्हणाले. भाऊ कुरकुरला, मला "शहाणा" म्हणाला, आणि पाकीट काढलं.