सांगलीच्या बाजारातली ‘संत्री’: नागपुरी, किनू आणि स्टिकरवालं ऑरेंज

सांगलीत द्राक्षं आणि डाळिंबं घरची, संत्रं मात्र पाहुणं. कोल्हापूर रोडच्या फळ मार्केटमधून हातगाडीवर येईपर्यंत त्याचं गाव विसरलेलं असतं, पाटीवर नुसतं ‘संत्री’ उरतं. डिसेंबर-जानेवारीत नागपुरी मागावं आणि किनू तोलून मिळावा, हे तर नेहमीचंच. मग ‘यंदा संत्र्याला चव नाही’ म्हणून बोंब.

किनू ओळखायला सोपा. गर्द नारंगी, मेण लावून चकचकीत केलेला, साल फोडींना घट्ट आणि बिया मोजून दमाल इतक्या. किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा हा संकर 1935 साली कॅलिफोर्नियातून बाहेर आला. आपल्याकडे येतो तो पंजाबातल्या अबोहर भागातून. सोलून खायला वैताग, रसाला मात्र तोड नाही. किलोमागे चारशे मिली रस सहज निघतो. पण तो मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया भरडल्या की रस कडू होतो. आणि नुसता ठेवला तरी होतो: रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं, म्हणून सकाळी काढलेला रस दुपारी कडवट लागतो. हाताच्या यंत्रावर, बेताने दाबून काढायचा आणि लगेच संपवायचा. ज्यूस सेंटरवर आधीच काढून ठेवलेला जग दिसला तर सरळ मोसंबी सांगावी.

नागपुरी म्हणजे काटोल, वरुड, मोर्शीकडचं. साल सैल, देठापाशी किंचित मान उचललेली. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं, मृगाचं, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याचं, फेब्रुवारीपासून. खायचं असेल तर मृगाचं. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. हिरवट सालीला नाक मुरडू नका, रात्री थंड नसल्या तर फळ पिकूनही हिरवं राहतं. घोळ होतो तो पोल्या फळात. दिसायला मोठं, हातात हलकं, दाबलं की साल आत जाते. आतल्या फोडी कोरड्या, भुसभुशीत निघतात. म्हणून आकार बघायचा नाही, दोन फळं दोन हातांत घेऊन जड ते ठेवायचं.

मॉलमधलं स्टिकरवालं ‘ऑरेंज’ मुळात संत्रंच नव्हे. ते मोसंबीचं सख्खं भावंड. बुडाला बेंबी दिसली तर नेव्हल. साल चाकूने काढावी लागते. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आलं, आणि ऑरेंज आपल्या नारंगापासून: संस्कृत नारंग फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा आणि पुढे जाताना सुरुवातीचा ‘न’ गळाला. इंग्रजीत आधी फळ आलं, रंगाला त्याचं नाव नंतर मिळालं. एवढा प्रवास करून आलेल्या नावाचे पैसे स्टिकर जरा जास्तच घेतं. केकसाठी साल किसायची असेल तर त्यावरही मेण असतं, कोमट पाण्याने चोळून धुवा.

घरी आणल्यावर प्लॅस्टिकची पिशवी आधी काढा. आत घाम धरला की एका फळावरची हिरवी बुरशी शेजारच्यांना लागते. टोपलीत मोकळी ठेवली तर आठवडाभर टिकतात. देठाची जागा मऊ पडलेलं फळ त्याच दिवशी खाऊन टाकावं.