शाळेच्या नेटवर्कवर ओपीएनसेन्स आणि अ‍ॅडगार्ड होम: एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. पाचवी ते दहावी, सेमी इंग्रजीच्या तुकड्याही आहेत. मी संगणक शिकवतो आणि नेटवर्कही माझ्याच गळ्यात आहे. गेल्या जूनमध्ये शाळा भरताना आम्ही दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करावं लागणारा जुना फायरवॉल (शाळेचं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला पहारेकरी) काढला आणि त्या जागी ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर बसवलं, सोबत नको त्या साइट अडवणारं अ‍ॅडगार्ड होम. दोन्ही मुक्त स्रोत, परवान्याचा खर्च शून्य. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यात, म्हणजे पावसाळा, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, सगळं यातून पार पडलंय.

आधी माझं मत सांगून टाकतो. फिल्टर म्हणून हे भक्कम आहे आणि शाळेला परवडणारं आहे. पण चुकून बंद झालेली साइट तास चालू असतानाच उघडून देणारा माणूस शाळेत असेल तरच या वाटेला जा. तो नसेल तर कितीही चांगला फिल्टर घ्या, महिन्याभरात शिक्षक त्याला वैतागून स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावायला लागतात आणि मग फिल्टर असून नसल्यासारखा.

मशीनबद्दल थोडक्यात. चार लॅन पोर्ट असलेला छोटा, बिनपंख्याचा पीसी लॅमिंग्टन रोडवरून आणला, 8 जीबी रॅम. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि तिथे इंटेलच्या नेटवर्क चिपचा आधार जुना आणि पक्का आहे, म्हणून पोर्ट इंटेलचेच बघून घेतले. इन्स्टॉल करताना डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडा. वीज अचानक गेली तरी डिस्कवरच्या फायली बिघडण्याची भीती त्यात कमी असते. यूपीएस मात्र हवाच. ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, जानेवारीत आणि जुलैत. जुलैची आम्ही थेट दिवाळीच्या सुट्टीत चढवली. चालू शाळेत असल्या गोष्टींना हात लावू नये.

नेटवर्कचे चार भाग केलेत: ऑफिस, संगणक कक्ष, वर्गांतले स्मार्ट बोर्ड आणि शिक्षकांचं वायफाय. ऑफिसला फक्त मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या साइटच्या नावांची, यादी अडवायला लावली आहे, बाकी काही नाही. यू-डायस प्लस आणि सरल या सरकारी पोर्टलांची कामं शेवटच्या तारखेला चालू असताना एखाद्या जाहिरातविरोधी यादीमुळे पान अर्धवट उघडलं तर क्लार्कबाईंना कुठल्या तोंडाने सांगणार? संगणक कक्षाला सगळ्यात कडक नियम, स्मार्ट बोर्डांना मधले. अ‍ॅडगार्ड होममध्ये प्रत्येक भागाला वेगळे नियम देता येतात आणि ते इतकं सरळ आहे की आमच्या पर्यवेक्षिका बाईंना एका बैठकीत समजलं.

हे काम कसं करतं ते ठाऊक असलेलं बरं, कारण पुढच्या सगळ्या गमती-अडचणी तिथूनच निघतात. कुठलीही साइट उघडताना संगणक आधी तिचा पत्ता विचारतो. तो प्रश्न आपल्या पेटीकडे, म्हणजे त्या छोट्या पीसीकडे येतो. नाव यादीत असेल तर पेटी पत्ताच देत नाही. म्हणजे पेटीला साइटचं नाव कळतं, त्या साइटवरचं पान कळत नाही. सोसायटीच्या वॉचमनला बिल्डिंगचं नाव समजावं पण फ्लॅट नंबर समजू नये, तसं.

याचा पहिला परिणाम असा की बंद साइटवर "ही साइट शाळेने बंद ठेवली आहे" अशी पाटी दिसत नाही. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे त्यांचा मजकूर सांकेतिक होऊन येतो. त्यांच्या जागी आपलं पान दाखवायला गेलं तर ब्राउझर साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र जुळत नाही म्हणून लाल इशारा देतो. त्यामुळे मुलांना दिसतं ते फक्त "साइटपर्यंत पोहोचता येत नाही". आणि लॅबमध्ये एकच आरोळी उठते: "सर, नेट गेलं!" सुरुवातीला रोज ही आरोळी. आता मी मुलांना सांगून ठेवलंय, एक साइट उघडत नसेल तर आधी ई-बालभारती उघडून बघा. ती उघडली तर नेट आहे, तुमची साइट बंद आहे. पाचवीच्या पोरांनाही हे जमतं.

दुसरा परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजननाचा पाठ आहे. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी आकृत्यांसाठी एक वैद्यकीय साइट आदल्या दिवशी घरून शोधून ठेवली होती. वर्गात स्मार्ट बोर्डवर ती उघडलीच नाही, प्रौढ मजकुराच्या यादीत तिचं नाव होतं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. जो पाठ बाईंना मोकळेपणाने, न लाजता शिकवायचा होता, तोच शाळेने बंद केलाय असं वर्गाला दिसलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या मनात अशा वेळी काय बसत असेल? हा विषय चोरून वाचायचा असतो, हेच ना? फिल्टरने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला हे वाटतं. नको ती साइट उघडण्यापेक्षाही मोठं.

त्या दिवशी बाईंनी मेसेज केला आणि मी लॅबमधूनच क्वेरी लॉग उघडला. त्यात प्रत्येक विचारणा ओळीने दिसते, अडवलेली वेगळ्या रंगात. ओळीशेजारीच "अनब्लॉक" आहे. ते दाबलं, बाईंनी पान पुन्हा लोड केलं, पहिल्यांदा नाही आलं. ब्राउझर आधीचं उत्तर थोडा वेळ धरून ठेवतो, म्हणून ब्राउझर बंद करून परत उघडायला सांगितलं. पान आलं, आकृत्या नाहीत. चित्रं दुसऱ्याच नावाच्या सर्व्हरवरून येत होती आणि तेही यादीत. ते उघडलं तेव्हा कुठे पाठ सुरू झाला. सगळ्यांना हे सांगतो: साइट उघडून दिल्यावर लॉगमध्ये पुढच्या दोन-तीन ओळी बघा, चित्रांचा नि व्हिडिओचा सर्व्हर वेगळा असतो. विकिपीडियाचीही चित्रं वेगळ्या नावावरून येतात.

त्यानंतर आम्ही पद्धत ठरवली, आणि वर्षभर टिकलेली गोष्ट म्हणजे हीच. व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्षकांचा एक ग्रुप, त्यात फक्त तीन गोष्टी लिहायच्या: साइट, इयत्ता, विषय. कारणं विचारायची नाहीत. उघडण्याचा अधिकार मला आणि पर्यवेक्षिका बाईंना. आधी उघडायचं, तपासणी शाळा सुटल्यावर. शिक्षक वर्गात उभा आहे, त्याच्यावर विश्वास टाकायचा. मुख्याध्यापक सरांना ही "आधी उघडा" पद्धत सुरुवातीला धोक्याची वाटली होती. पण शिक्षकांनी मागितलेल्या साइटमध्ये परत बंद करावी अशी एकही निघाली नाही, आणि हॉटस्पॉटची सवय आपोआप सुटली.

याद्या निवडताना मोठी यादी म्हणजे चांगली यादी असं समजू नका. इंटरनेटवर लाखो नावांच्या याद्या फुकट मिळतात, सगळ्या एकावर एक चढवल्या की विश्वकोश शोधतानाही ठेच लागते. आम्ही प्रौढ मजकूर, जुगार आणि मालवेअर एवढ्याच ठेवल्या. फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठाची यादी विषयवार विभागलेली आहे, तिचा चांगला उपयोग झाला, कारण हवा तो विभाग तेवढाच घेता येतो. पेटीला स्वतःला पत्ता ठाऊक नसेल तर ती ज्याला विचारते ते क्लाउडफ्लेअर कंपनीचं 1.1.1.3. कुटुंबांसाठीची ही सेवा 2020 मध्ये सुरू झाली, मालवेअर आणि प्रौढ साइट तिथेच गळतात. दोन चाळण्या पुरे.

सेफसर्च, म्हणजे शोधातून प्रौढ मजकूर गाळण्याची सोय, सक्तीने लावता येतं आणि तेही त्याच नावाच्या खेळातून: गूगलचं नाव विचारलं की पेटी गूगलच्याच सेफसर्चवाल्या सर्व्हरचा पत्ता देते. बिंग आणि डकडकगोलाही अशी सोय आहे. यूट्यूबसाठी कडक आणि मध्यम असे दोन पत्ते आहेत. स्मार्ट बोर्डांना आम्ही मध्यम दिला. कडक पातळीत अभ्यासाचेही बरेच व्हिडिओ गाळले जातात. शिवाय दोन्ही पातळ्यांत खालच्या कमेंट दिसत नाहीत, आणि वर्गासमोर व्हिडिओ लावणाऱ्या शिक्षकाला याचं मोल कळतं. लॅबमध्ये यूट्यूब बंदच ठेवलंय, तास असेल तेव्हा उघडतो.

खेळांच्या बाबतीत मात्र ही पेटी हतबल आहे, हे मान्य करायला हवं. सातवीच्या मुलांनी गूगल साइट्सवर ठेवलेले खेळ शोधून काढले. तिथे कुणीही फुकट पान बनवू शकतो. आमच्या भूगोलाच्या सरांच्या प्रकल्पाचं पानही तिथेच आहे. पेटीला नाव एकच दिसतं, त्यामुळे खेळ बंद करायचा तर सरांचं पानही बंद. आम्ही काहीच बंद केलं नाही. त्याऐवजी लॅबमधली टेबलं भिंतीला लावली, सगळे स्क्रीन खोलीच्या मधोमध उभं राहून दिसतील अशी. एका शनिवारी शिपाई मामा आणि नववीची मुलं मदतीला आली, केबल तेवढ्या लांबवाव्या लागल्या. तेव्हापासून खेळ जवळपास थांबलेत. ज्याचं काम आधी होतं तो शेवटची पाच मिनिटं खेळला तर मी काही बोलत नाही.

पळवाटांचं काय, हा प्रश्न मला इतर शाळांतले संगणक शिक्षक हमखास विचारतात. संगणकाने दुसऱ्याच कुणाला पत्ता विचारू नये म्हणून पोर्ट 53 ची (पत्ता विचारण्याची नेहमीची वाट) सगळी विचारणा फायरवॉल आपल्याच पेटीकडे वळवतो, पोर्ट 853 (तोच प्रश्न सांकेतिक करून विचारण्याची वाट) बंद. ब्राउझर आतल्या आत एचटीटीपीएसमधून पत्ता विचारतो ती खरी मोठी पळवाट. फायरफॉक्स एक ठरावीक नाव विचारून बघतो आणि त्याला "असं नाव नाही" असं उत्तर मिळालं की आपण होऊन ती सोय सुरू करत नाही. अ‍ॅडगार्ड होम ते उत्तर देतं. पण कुणी सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू केली तर ती चालते. म्हणून लॅबच्या मशीनवर मुलांना साधं खातं, अ‍ॅडमिनचं नाही, आणि क्रोमच्या धोरणातून एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) टाकायला पूर्ण बंदी. फिल्टरला वळसा घालणारी व्हीपीएनची एक्स्टेन्शनं तिथेच संपली. फायरवॉलवर रात्र-रात्र घालवण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम आधी करा.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजची अपडेट अमेरिकेत सकाळी निघते, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. बुधवारी पहिल्या तासाला लॅब सुरू केली की सगळी मशीन एकदम ती ओढायला लागतात आणि ऑफिसचं नेट रांगतं. ओपीएनसेन्सच्या ट्रॅफिक शेपरने लॅबच्या वेगाला वरची मर्यादा घातली. बुधवारची ती तक्रार तिथेच मिटली.

मेट्रोच्या आणि रस्त्यांच्या खोदकामात फायबर तुटणं आमच्या भागाला नवीन नाही. दुसरी लाइन म्हणून सिमवर चालणारा राउटर जोडलाय. मुख्य लाइन पडली की ओपीएनसेन्स आपोआप तिकडे वळतं आणि फिल्टर तसाच राहतो, कारण तो आपल्या पेटीत आहे. पावसाळ्यात याने खूप वेळा तारलं.

आता ज्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा झाली ते. मुलांचा एचटीटीपीएस मजकूर उलगडून आतलं पान वाचणंही शक्य असतं. त्यासाठी प्रत्येक मशीनवर शाळेचं प्रमाणपत्र बसवावं लागतं. आम्ही ते केलं नाही आणि करणारही नाही. मुलांचे पासवर्डसुद्धा त्या पेटीतून उघडे जातील, ते सांभाळण्याची ताकद शाळेत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक मुलाला वेगळं लॉगिन द्यावं, म्हणजे कुणी काय बघितलं ते कळेल, अशी मागणी पालक सभेत आली होती. मी तिला विरोध केला. आत्ता लॉगमध्ये मशीनचा नंबर दिसतो, मुलाचं नाव नाही, आणि नोंद 7 दिवसांनी पुसली जाते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला त्यात मनाई आहे. शिक्षण संस्थांना नियमांत सवलत आहे, पण ती शिक्षण आणि मुलांची सुरक्षितता यांच्यापुरती. कायदा बाजूला ठेवला तरी, मनातला एखादा प्रश्न मुलगी शाळेच्या संगणकावर शोधते तेव्हा तो मला कळलाच पाहिजे असं मला वाटत नाही.

याची एक अडचण आहे. नियम मशीनला लागतो, मुलाला नाही. पाचवी आणि दहावी त्याच मशीनवर बसतात. एआय चॅटबॉट आम्ही आठवीच्या पुढे, तेही शिक्षक समोर असताना द्यायचं ठरवलं. त्या सेवांची वयाची अट साधारण 13 पासून सुरू होते. पण ते दर तासाला हाताने चालू-बंद करावं लागतं. कधी विसरायला होतं, मग पर्यवेक्षिका बाई करतात.

पुढच्या जूनसाठी दोन कामं डोक्यात आहेत. एक, सेटिंगची बॅकअप फाइल सध्या मी दर महिन्याला काढून पेनड्राइव्हवर ठेवतो, ती मुख्याध्यापकांच्या कपाटातही राहील आणि ती परत कशी चढवायची ते मराठीत दोन पानांवर लिहून तिच्यासोबत असेल. दुसरं, गणिताच्या नव्या सरांना लॉग वाचायला शिकवायचंय, म्हणजे मी रजेवर असलो आणि पर्यवेक्षिका बाई वर्गावर असल्या तरी ग्रुपवर आलेल्या मेसेजला तासाच्या आत उत्तर जाईल.