दुबईत एक रात्र भारी जेवायचंय? मग ओर्फली ब्रदर्सला जा

दुबईला निघालेले लोक विचारतात, एक दिवस जरा खर्च करून मस्त जेवायचंय, कुठे जाऊ? आणि विचारायच्या आधीच समुद्र दिसणारं नाहीतर बुर्ज खलिफा दिसणारं एखादं हॉटेल त्यांनी हेरून ठेवलेलं असतं. माझं मत विचाराल तर जुमेराच्या वस्ल ५१ मधलं ओर्फली ब्रदर्स बिस्ट्रो. इथून ना समुद्र दिसत ना टॉवर, जागा पण छोटीच आहे, पण जेवण असं की बाहेर काय दिसतंय ते बघायला कोणाला वेळ नसतो.

मोहम्मद, वसीम आणि उमर हे तिघं भाऊ मूळचे सीरियातल्या अलेप्पोचे. मोहम्मद मुख्य किचन बघतो, बाकी दोघं पेस्ट्रीवाले. २०२१ ला सुरू केलं आणि २०२३ ला मिशेलिन स्टार (मिशेलिन गाइड उत्तम रेस्टॉरंट्सना देतं तो, जास्तीत जास्त तीन) मिळाला, शिवाय मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या ५० बेस्ट रेस्टॉरंट्सच्या यादीत २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं पहिला नंबर. मिशेलिनवाले दुबईत आलेच मुळी २०२२ ला, तेव्हा हे किती पटकन झालंय बघा.

'कम विथ मी टू अलेप्पो' नावाची डिश आहे ती चुकवूच नका. अलेप्पोत कबाब आंबट चेरीच्या रश्शात करतात, त्याचंच हे रूप. पहिल्या घासाला आंबटगोड लागतं, मग दालचिनी येते, मग मांसाची चव, आणि मधेच पाइन नट्स दाताखाली येतात. मांसात फळ कसं लागेल अशी शंका असेल तर ती तिथल्या तिथे मिटते. शिश बराक म्हणजे दह्यातले मांसाचे डंपलिंग, ते हे लोक जपानी ग्योझासारखे करतात आणि सोबत लसणाचं दही देतात, आपल्या जिभेला ते दही लगेच ओळखीचं वाटतं. एक सांगून ठेवतो, या दोन्हीत वाग्यू म्हणजे बीफ असतं, चालत नसेल तर ऑर्डरच्या आधीच विचारा. आणि पोटात जागा ठेवा कारण वरच्या मजल्यावर काचेमागे पेस्ट्री बनताना दिसते, ती बघून नाही म्हणणं अवघड आहे.

आता व्ह्यूवाल्यांबद्दल. मरीनाकडच्या एका हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलाला वेगळा मिनिमम स्पेंड (कमीत कमी एवढं बिल व्हायलाच हवं अशी अट) लावला होता, तो भरून काढायला नको असलेले पदार्थ मागवावे लागले आणि आलेला मासा वातड, वर गार. वेटरला सांगितलं तर तो म्हणे, सर सनसेट मिस करू नका! अहो पण जेवायला आलोय ना आम्ही. टूरिस्ट परत थोडाच येणार आहे हा हिशोब अशा ठिकाणी चालतो, याचा मला मनापासून राग येतो, कारण लोक वर्षभर पैसे साठवून तिथे जातात.

शाकाहारी असाल आणि बजेट मोठं असेल तर पाम जुमेरावरचं त्रेसिंद स्टुडिओ बघा. शेफ हिमांशू सैनी, २०२५ ला तीन मिशेलिन स्टार, जगात भारतीय रेस्टॉरंटला एवढे पहिल्यांदाच मिळाले. तिथे आ ला कार्ट म्हणजे हवे ते पदार्थ निवडून मागवणं नाही, शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांचा टेस्टिंग मेन्यूच घ्यावा लागतो, पण त्यात पूर्ण व्हेज मेन्यूपण आहे. खुर्च्या अगदी मोजक्या, त्यामुळे विमानाचं तिकीट काढलं की लगेच टेबलाचं बघा.

बिलाचं म्हणाल तर मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. ५ टक्के व्हॅट असतोच, हॉटेलांमध्ये बऱ्याचदा ७ टक्के म्युनिसिपालिटी फी आणि १० टक्के सर्व्हिस चार्जपण असतो, बहुतेक वेळा छापील किमतीत धरलेला. तो धरलेला असेल तर वर टिप दिलीच पाहिजे असं काही नाही. पाणी विचारतात तेव्हा लोकल वॉटर म्हणा, नाहीतर युरोपातून आलेली बाटली उघडतात आणि तिचे दिरहम वेगळे. दारूचा परवाना मुख्यतः हॉटेलांमधल्या जागांना असतो, तेव्हा वाइन हवीच असेल तर बुक करतानाच विचारून घ्या. बुकिंगला कार्ड नंबर मागतात आणि न सांगता गेला नाहीत तर पैसे कापतात, म्हणून वाळवंट सफारी आणि हे जेवण एकाच संध्याकाळी ठेवू नका, सफारीवाले वेळेत परत सोडतीलच असं नाही.