मर्यादित मूल्यांकन: रात्रीचा मुक्काम सुटला, गणपती अडकला

मुलीच्या ताब्याच्या केसमध्ये दोन्ही घरांचं पूर्ण मूल्यांकन नको, एकाच प्रश्नावर समुपदेशकाचा अहवाल मागवू, असं आमच्या वकिलांनी सुचवलं आणि मी लगेच हो म्हटलं, ते निव्वळ पैशांसाठी. पूर्ण म्हटलं की दोघांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, नातेवाइकांच्या मुलाखती, महिनोन्‌महिने हेलपाटे. इथे कोर्टाने एकच प्रश्न लिहून दिला: मुलीला वडिलांकडे रात्रीच्या मुक्कामाला पाठवायचं का, आणि पाठवायचं तर कसं? फी दोघांत अर्धी-अर्धी.

मी देवगडला, हापूसच्या बागेत. मुलगी आईकडे, रत्नागिरीत. वय सात, म्हणजे 1956 च्या कायद्यातलं ‘पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे’ हे आम्हाला लागू नव्हतं. तरी मुक्कामाला तिच्या आईचा साफ नकार.

अहवाल लिहिणाऱ्या समुपदेशक मॅडम घरी आल्या, पण उत्पन्न किती, भांडण कशावरून, यातलं काही विचारेनात. मी कागदांची जाडजूड फाइल करून ठेवली होती, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. डोकंच फिरलं. त्यांनी विहिरीचा कठडा हाताने हलवून पाहिला. फवारणीची औषधं कुठे ठेवता, कुलूप असतं का, विचारलं. झोपायची जागा मुलीलाच दाखवायला सांगितली. मग माझ्या आईजवळ बसल्या. एकत्र राहत होतो तेव्हाची सवय आई सांगू लागली, “चेडू रातचा उठता, पाणी मागता नि परत निजता.” हे वाक्य अहवालात जसंच्या तसं आलंय. ‘आई हवी की बाबा?’ हा प्रश्न मात्र मुलीला कुणीच विचारला नाही. समजत्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, 1890 च्या पालकत्वाच्या कायद्यातच तसं आहे. पण तोंडावर विचारलं की पोर दोन्हीकडून भरडलं जातं.

अहवाल हातात आला तो जेमतेम काही पानांचा. एवढ्यासाठी एवढे पैसे? तेव्हा दोन स्टार दिले असते. महिन्याभराने मत फिरलं. अहवालातली व्यवस्था अशी: आधी एकाआड एक शनिवारी एक रात्र, ती रुळली की दोन. मुलीची देवाणघेवाण राजापूरच्या एसटी स्टँडवर, आई-बाबांसोबत घरातलं थोरलं कुणी नको. रोज संध्याकाळी दुसऱ्या पालकाशी व्हिडिओ कॉल. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात रोज पाच-दहा मिनिटांच्या कॉलचं सांगितलं होतं, तेच यात आहे. आमच्याकडे रेंज फक्त खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, एका कोपऱ्यात, म्हणून आता तिथे मुलीसाठी खास स्टूल ठेवलंय. मुक्कामाचं भांडण तिथेच मिटलं.

आता शेवटच्या पानावरची एक ओळ: ‘गणपती व दिवाळी पालकांनी वर्षाआड वाटून घ्यावी.’

हे कुणी विचारलं होतं? आणि गणपती-दिवाळी एका तराजूत? कोकणात दिवाळी म्हणजे पहाटे कारीट (छोटं कडू फळ) पायाखाली फोडलं, पोहे खाल्ले, आटोपली. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात, सगळी चुलत भावंडं मूळ घरात जमतात, गणपतीवर फळाफुलांची माटवी बांधायची, रात्री भजनं. यंदा गणपती आईकडे, आणि माझ्या वाट्याला पोहे! तिच्या माहेरीही गणपती आहे, मान्य. पण मग दोन्ही घरचे दिवस विचारायला हवे होते ना? आमचा पाच दिवसांचा, त्यांचा दीड दिवसाचा. दीड दिवसांनी विसर्जन झालं की पोरीला पाठवता येतं. सरळ हिशेब आहे, पण घरी आल्या तेव्हा सणाचा विषयच निघाला नव्हता. मर्यादित अहवालाचा अर्थच हा, की जेवढं पाहिलं-ऐकलं तेवढ्यावरच बोलायचं. ज्याची चौकशी केली नाही त्याची शिफारस कशी काय होते? कोर्टाने मात्र अहवाल जसाच्या तसा आदेशात घेतला.

मॅडमना फोन केला. “एका बाजूशी बोलता येत नाही, कोर्टामार्फत या,” म्हणाल्या आणि ठेवला. नियम म्हणून बरोबरच आहे; असाच फोन मुलीच्या आईने केला असता आणि मॅडमनी ठेवला असता, तर मी खूश झालो असतो.

कुणी हे मागवणार असाल तर वकिलांना प्रश्न लिहितानाच सण, मे महिना, शिमगा यांचं वेगळं कलम घालायला लावा. नाहीतर ‘मुक्कामापलीकडे शिफारस नको’ असं स्पष्ट लिहून घ्या. मी दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. प्रश्न एकच: दोन गणपती, दिवस कसे वाटायचे? फी पुन्हा अर्धी-अर्धी. मुक्कामासाठी पाचपैकी चार स्टार. त्या ओळीचा एक कापला.